कोयीचा पाळणा

माझ्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीला एक लोखंडी कडं टांगलेलं आहे. वाकडंतिकडं, एका अंगाने फुगलेलं, आणि आतून काळ्या इलॅस्टिकच्या दोऱ्या आडव्यातिडव्या ओवलेल्या. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, हे काय आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटलं पक्ष्यांसाठी काहीतरी असेल. कामाला येणाऱ्या सुनीताला वाटतं मी ते नजर लागू नये म्हणून लावलंय. ती पुसताना त्याला नमस्कार करते. माझी जाऊ तर तोंडावरच म्हणाली, "अगं, एवढं छान घर लावलंस आणि हे भंगार कशाला?" मी म्हटलं, असू दे. भंगारच आहे ते. अख्ख्या जगात एकाच माइकला बसेल असं भंगार, आणि तो माइक आता कुठे आहे ते मला ठाऊक नाही.

ज्यांनी ते घडवलं ते हरेश्वरभाऊ जाऊन आता दोन वर्षं होतील. वसईतल्या होळी गावच्या वाडीतला माणूस. वाडवडिलांची केळी, पानवेली, सोनचाफा. पण हा गडी तरुणपणीच मुंबईच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत चिकटला आणि स्टुडिओला टाळं लागेपर्यंत तिथून हलला नाही. लग्न केलं नाही. घरात दोघंच, ते आणि त्यांची जानकीआत्या. ही आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि हरेश्वरभाऊंची आई लहानपणीच गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं.

आमची ओळख भांडणाने झाली. मी वसईतल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. गॅदरिंगला दरवर्षी लाउडस्पीकर कोकलायचा, म्हणून कुणीतरी सुचवलं, होळीतल्या त्या रेकॉर्डिंगवाल्याला बोलवा. काडीसारखा एक माणूस आला. शर्टाच्या खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर आणि त्याच्याच शेजारी सोनचाफ्याचं फूल. माझं प्रास्ताविक त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, वा, रसिक दिसतात. खाली उतरले तर म्हणाले, "बाई, तुमचा 'स' फार टोचतो. समोरचा दात जरा पुढे आहे का?"

मी आठ दिवस आरशात दात बघत होते आणि त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच आले. मी बोलायला उभी राहिले तेव्हा त्यांनी येऊन माइक माझ्या तोंडासमोरून हळूच बाजूला सरकवला, चार बोटं, जास्त नाही. त्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या पोरींनाही माझा शब्द न् शब्द ऐकू गेला. कार्यक्रमानंतर ते एवढंच म्हणाले, "दात असू दे, माइक हलवला." मग मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. म्हणजे त्या वेळी तरी नाही.

कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते बोटाच्या पेराने टेबल वाजवून बघायचे. खोलीत एकदाच टाळी वाजवायची आणि कान देऊन उभं राहायचं. माझ्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा टाळी वाजवून म्हणाले, "तुमच्या हॉलला पडसं झालंय. जाड पडदे लावा." बोलता बोलता रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला तर वाक्य अर्ध्यात थांबवायचे आणि टँकर लांब गेल्यावर नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. आपण तोवर विषय विसरून गेलेलो असायचो, ते नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी घरातला फ्रिज बंद करायचे, कारण त्याची घरघर येते. आणि बंद केलेला फ्रिज तसाच राहून आत्याचं दूध नासू नये म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचे. म्हणजे बाहेर पडायचं तर फ्रिज उघडावाच लागणार. मला या युक्तीचं भारी कौतुक वाटायचं. आत्याला नाही. ती म्हणायची, "कुठं जायाचं असतं याला? दूध नासायचं ते नासतंच."

आणि त्यांचं एक पालुपद होतं: "ठेवायचं तर चांगलं ठेवायचं." त्यामागे एक जुनी जखम होती. स्टुडिओत नवे असताना एका वयस्कर गायकांचा बिघडलेला टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची एक खेप, पुसायचं त्यांनी उद्यावर टाकलं आणि चांगल्याच्या जागी तोच चुकून पुढे गेला. गाण्याच्या मधोमध त्या गायकांचा खोकला, तोही सगळ्यांनी ऐकला. ते गृहस्थ पुन्हा त्या स्टुडिओची पायरी चढले नाहीत. तेव्हापासून हरेश्वरभाऊंचा नियम पडला, की खराब टेक जागच्या जागी पुसायचा, उद्यावर टाकायचा नाही. "खराब ठेवलं की तेच पुढे जातं, बाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालक म्हणाले, हरेश्वर, आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा. बाकीच्यांनी स्पीकर नेले, एकाने फिरती खुर्ची नेली. यांनी माइक आणला. परदेशातल्या कुठल्याशा छोट्या कारखान्यात बनलेला, आणि तो कारखानाही कधीच बंद पडलेला. आकार म्हणाल तर चोखून टाकलेल्या आंब्याच्या कोयीचा. एक बाजू फुगीर, दुसरी चपटी, खालचं टोक तिरपं, आणि वायर खालून निघायची सोडून बरगडीतून निघालेली. वाडीतल्या बायकांनी त्याला पहिल्याच दिवशी कोय म्हटलं आणि पुढे तेच नाव पडलं.

असला माइक नुसता स्टँडला आवळून भागत नाही. कुणी जमिनीवर पाय आपटला तरी हादरा स्टँडमधून वर चढतो आणि आवाजात धप्पकन उतरतो. म्हणून त्याला एका कड्यात रबरी दोऱ्यांवर अधांतरी झुलवत ठेवतात. धंद्यात त्याला शॉक माउंट म्हणतात. हरेश्वरभाऊ पाळणा म्हणत. बाहेर कितीही आदळआपट झाली तरी आतलं मूल जागं व्हायला नको, एवढंच त्यातलं विज्ञान. कोयीबरोबर तिचा मूळ पाळणाही आला होता. पण वसईच्या खाऱ्या हवेत त्याचं रबर चिक्कीसारखं वितळलं आणि कडं गंजून तुकड्या-तुकड्यांनी हातात आलं.

पाळणा कशासाठी हवा होता ते सांगते.

लग्नात हळदीच्या दिवशी घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधायची, सुवासिनींनी उखळात हळकुंडं कुटायची आणि कुटता कुटता गायचं. जानकीआत्याला त्या मुसळाला हात लावायची मुभा नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसायची आणि तिथून गायची. हात सुवासिनींचे, गळा तिचा. वाडीतलं एकही लग्न तिच्या गळ्याशिवाय लागलं नाही आणि एकाही लग्नात ती मांडवात आली नाही. हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. मी तावातावाने बोलायला लागले, तर तीच मला म्हणाली, "मास्तरीन, मांडवात बसून कोन गाते? मांडवात बसून बाया साड्या बघतात."

त्या गाण्यात बावखलांना लग्नाचं आमंत्रण असायचं. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं, बागेला पाणी देणारं. पूर्वी म्हणे नवरीच्या आंघोळीला वाडीतल्या प्रत्येक बावखलाचं पाणी आणत. तेवढं कोण आणणार, म्हणून मग नुसतं गाण्यात एकेकाला नावाने बोलवायचं, ये बाबा, तुझी लेक न्हाते आहे. सतरा नावं होती. सतरातली आता चारच उरली आहेत, बाकीच्यांवर भराव घालून इमारती उठल्या. एकावर तर जिमसुद्धा आहे. ती तेरा नावं जगात फक्त आत्याच्या गळ्यात शिल्लक होती.

तुम्ही म्हणाल, मग लिहून का नाही घेतली? मीही तेच म्हटलं होतं. वही-पेन घेऊन बसले. आत्याने चार नावं सांगितली, पाचव्याला अडली, सहावं दुसरं दिलं, मग तेही नाही म्हणाली. बोलून तिला यायचंच नाही. गाऊन यायचं, आणि गाणं यायचं ते समोर मुसळ चालू असेल तरच. मुसळ थांबलं की शब्द थांबले. आणि एखादं नाव चुकलं, की ते बावखल रुसेल म्हणून ती गाणं पुन्हा पहिल्यापासून धरायची. पूर्ण गाण्याला पंधरावीस मिनिटं लागत.

म्हणून हरेश्वरभाऊंनी ते गाणं कोयीवर रेकॉर्ड करायचं ठरवलं. पण कुटणार कोण? सुवासिनी असायला हवी आणि रिकामी असायला हवी. मी नुकतीच रिटायर झाले होते. झालं, बोळिंजहून दोन बस बदलून मी दर शनिवारी सकाळी होळीला जायला लागले, मुसळ मारायला. आमचे हे म्हणायचे, "एकतीस वर्षं पोरांना शिकवलंस, आता हळकुंडांना शिकव." पहिल्या शनिवारी माझ्या तळहाताला फोड आले. आत्या खूश होती. ती उंबऱ्याआड बसली आणि गायला लागली, आणि मला खरं सांगायचं तर मुसळ हातात धरून रडू आलं. म्हातारीचा आवाज फाटका होता, पण खाली कुठेतरी तळाशी तो इतका ओला होता की ऐकवेना.

गाणं संपलं. हरेश्वरभाऊंनी हेडफोन काढून मला दिला. गाणं होतं, पण त्याच्या डोक्यावर दर ठोक्याला कुणीतरी पोतं टाकावं तसं धप्प, धप्प. उखळाचा हादरा जमिनीतून स्टँडला, स्टँडमधून कोयीला. मी म्हटलं, "नावं तरी कळतायत की." त्यांनी बटण दाबलं आणि सगळं पुसलं.

स्टँडखाली गादी घातली, तरी धप्प आलाच. कोय छताच्या वाशाला टांगली, तर वासाही मुसळाबरोबर हलत होता. अंगणात गेलो तर कावळे, वारा आणि टँकर. दुसरा माइक लावा म्हटलं, तर लावला एकदा, साधा, बाजारातला. आवाज आला तोही, पण सपाट. ते म्हणाले, "यात आत्याचा तळ नाही. हा माइक फक्त वरचं पाणी बघतो." हे त्यांचं खरं होतं, माझ्याही कानाला कळलं. म्हणून तर सगळा घोळ झाला. ते नुसते हट्टी असते तर मी त्यांना तेव्हाच सरळ केलं असतं.

मग पाळण्याचा शोध सुरू झाला. मुंबईच्या बाजारात कोय रुमालात गुंडाळून ते दुकानं फिरले. दुकानदार रुमाल उघडून बघायचे आणि विचारायचे, "हे फुटलंय का?" जगातले सगळे पाळणे गोल माइकसाठी केलेले असतात, कोयीसारख्या पोराची सोय कुणी केलेली नव्हती. त्यांनी परदेशात ईमेल लिहिले, इंग्रजी मी तपासून दिलं. एक उत्तर आलं, फार सभ्य, की असा माइक होता असं आमच्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याला अंधुक आठवतं. बस. ऑनलाइन मागवलेले तीन पाळणे आले. एकात कोय शिरेना, एकातून ती घसरून पडता पडता मी झेलली, आणि तिसऱ्यात बसली पण बरगडीतली वायर कड्याला घासून करकर करायला लागली. आत्याने त्या तिन्ही खोक्यांत मिरचीची रोपं लावली.

मग घरचे उपाय. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बांधल्या. दहा नावं होईपर्यंत रबर सैल पडत गेलं आणि कोय हळूहळू मान टाकून जमिनीकडे बघायला लागली. राजोडीला त्यांचा एक मित्र होता, पास्कोल, जाळी विणणारा. त्याने नायलॉनचं सुंदर जाळं विणून दिलं, अगदी मापात. पण नायलॉन ताणलं जात नाही, त्यामुळे धप्प जसाच्या तसा वर. पास्कोल हिरमुसून म्हणाला, "भाऊ, माज्या जाळ्यातून आवाज नाय अडत, मासा अडतो." मी माझे केसांचे रबर दिले. बारा रबर लावले होते. त्या दिवशी आवाज जवळजवळ स्वच्छ आला. आठ, नऊ, दहा, अकरा नावं झाली आणि बाराव्याला एक रबर टचकन तुटला. उरलेल्यांनी दम धरला, पण तो टचकन आवाज आत गेला. गाणं मात्र सतराच्या सतरा नावांचं झालं.

मी म्हटलं, "हे ठेवा. एवढासा तर आवाज आहे. पाया पडते तुमच्या."

"ठेवायचं तर चांगलं ठेवायचं, बाई."

"अहो, म्हातारी सत्त्याऐंशीची आहे."

"म्हणूनच. तिचं एकच राहणार आहे ना? मग ते असं टचकन तुटलेलं राहू दे?"

आणि पुसलं. आत्या आतून म्हणाली, "पुसलंन का? बरं. पुढल्या शनिवारी परत गाते. मना काय काम हाय?" तिला त्या शनिवारांची गोडी लागली होती. दुसरी गंमतही ती अधूनमधून करायची: "हरेसर, तू लग्न केलं असतंस तर तुझ्याच हळदीला नीट गायले असते, ही कोय कशाला लागली असती?" त्यावर हरेश्वरभाऊ स्क्रूड्रायव्हरने काहीतरी पिळत बसायचे. मला नेहमी वाटायचं, की या गाण्याने ते तिला मांडवात आणून बसवू पाहत होते. तिथे तिच्या गळ्याला एक डागही चालणार नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी मी एक चोरी केली. माझा फोन रेकॉर्डिंगला लावून परकराच्या खिशात ठेवला. आमच्या आईची सवय, परकराला खिसा शिवायची. कुटलं, गाणं झालं, रेकॉर्डिंग नेहमीप्रमाणे धप्प आलं आणि पुसलं गेलं. निघताना फोन वाजला आणि मी तो बाहेर काढला, तर पडद्यावर तो लाल ठिपका तसाच लुकलुकत होता. त्यांनी पाहिलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडून फोन पर्समध्ये टाकला असता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही हे कुणाला तरी पाठवाल. प्रेमानेच पाठवाल. मग तो पुढे पाठवेल. आणि आत्या म्हणजे हेच होऊन बसेल, खिशातून ऐकलेली." त्यांचे डोळे भरले होते. मी शिक्षिका, चूक पकडली गेल्यावर काय करायचं हे एकतीस वर्षं पोरांना सांगितलेलं. मी पुसलं. माझ्या बोटाने, त्यांच्या समोर. त्याचा मला आजही राग येतो, त्यांचा आणि माझाही. दोघांत जास्त कुणाचा ते दिवसागणिक बदलतं.

मग त्यांनी पाळणा मुळापासून बनवायचं ठरवलं. कोय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या उकडीत दाबली आणि साचा काढला. तो साचा घेऊन ते वसई पूर्वेच्या गाळ्यांत एका खिडक्यांची ग्रिल करणाऱ्याकडे गेले. पोचेपर्यंत उकड सुकून आकसली, त्यामुळे पहिलं कडं कोयीपेक्षा लहान आलं. दुसऱ्यांदा उकड ओल्या फडक्यात नेली, तर कडं मोठं आलं. तो ग्रिलवाला उत्तरेकडचा, भला माणूस, शेवटी म्हणाला, "चाचा, बच्चे को ही ले आओ." मग ते रोज कोय घेऊन जायला लागले. काम नसेल तेव्हा तो थोडं वाकवायचा, थोडं घासायचा. त्याच गल्लीत इलॅस्टिक बनवणारा गाळा होता, तिथून गोल दोरी मिळाली. ती किती ताणायची याचे प्रयोग महिनाभर चालले. शनिवार बंद झाले. "आता उगाच आत्याला दमवायचं नाही," ते म्हणाले, "पाळणा झाला की एकदाच गाऊ दे, निवांत."

पाळणा गणपतीच्या आधी तयार झाला. त्यांनी फोन केला, "बाई, शनिवारी या. मुसळ मारा. बसली." एवढा आनंद त्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता. शुक्रवारी सकाळी आत्या चाफ्याखाली फुलं वेचता वेचता कोसळली. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

मी शनिवारी गेले, पण हॉस्पिटलमध्ये.

तिला घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल अशी आशा धरू नका. हरेश्वरभाऊंनी धरली. ते तिच्या खाटेपाशी बसून एकेक अक्षर म्हणून घ्यायचे. ती त्यांच्याकडे बघायची आणि तोंडातून नुसती हवा यायची. मी गेले की मात्र तिचा डावा हात हलायचा. खाटेच्या फळीवर ती तळहाताने ठोके द्यायची, हळूहळू, मुसळाच्या चालीने. आधी मला वाटलं काहीतरी हवंय. मग लक्षात आलं, ती गात होती. आत सगळं चालू होतं, सतराच्या सतरा नावं ओळीने जात असणार, कारण मध्येच कुठेतरी थांबून ती चिडायची आणि पुन्हा पहिल्यापासून ठोके धरायची.

त्यांनी कोय आणली. नव्या पाळण्यात बसवून खाटेशी लावली, हेडफोन घातला. बराच वेळ ऐकत राहिले. मग हेडफोन माझ्या कानाला लावला. तिचा श्वास ऐकू येत होता, बाहेर चाफ्यावरची चिमणी ऐकू येत होती. ठोके येत नव्हते. तिच्या हलक्या हाताचा होता तो नुसता हादराच. पाळणा इतका चांगला झाला होता, की फळीवरचा हादरा त्याने वर चढूच दिला नाही. समोर तिचा हात हलत होता आणि कानात काहीच नाही. मी हेडफोन काढून टाकला, मला ते सहन झालं नाही.

आत्या दिवाळीनंतर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात हरेश्वरभाऊही गेले, साध्या तापाचं निमित्त झालं. घर आवरायला मुंबईचा एक चुलत पुतण्या आला. त्याने कोय कुणा हौशी माणसाला दिली, रेकॉर्डरही दिला. पाळणा त्याला वाटलं मोडक्या पंख्याचा भाग आहे. तो मी मागून घेतला. बावखलांची नावं म्हणाल तर मला पाच आठवतात. चिंचेचं, केवड्याचं, म्हातारीचं, दोन तोंडांचं आणि एक रांजणी. त्यातली तीन तर अजून आहेतच, जाऊन बघता येतात. म्हणजे वाचवली मी दोन.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आत्या गेल्यानंतरच्या माघात. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. "बाई, एकदा मुसळ माराल का?" मी गेले. उखळ पुसून ठेवलं होतं, हळकुंडं काढून ठेवलेली होती. कोय तिच्या पाळण्यात, उंबऱ्याकडे तोंड करून. उंबऱ्याआड आत्याचा पाट तसाच मांडलेला. त्यांनी फ्रिज बंद केला, किल्ली आत ठेवली, येऊन हेडफोन घातला आणि हात वर केला. मी सुरू केलं.

एक टँकर गेला तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं, मग पहिल्यापासून. ते डोळे मिटून पाटाकडे तोंड करून बसले होते. थोड्या वेळाने बघते तर त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. चार-पाच नावं झाली असतील, मग ओठ थांबले, कारण पुढची त्यांनाही येत नव्हती. पण हात त्यांनी वरच ठेवला. मी कुटत राहिले. माझे खांदे भरून आले, हळकुंडांचं पीठ झालं, तरी हात खाली येईना. आत्याला पूर्ण गाण्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढा सगळा वेळ त्यांनी तिच्यासाठी मोकळा ठेवला होता. मग हात खाली आला.

त्यांनी हेडफोन मला दिला. मुसळ होतं, अगदी हलकं, दोन घरं पलीकडे कुणाकडे लग्न असावं तसं. धप्प नाही, करकर नाही. आणि त्याच्या पुढे स्वच्छ, रिकामी जागा.

"कसं आलंय?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आलंय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यांचा अंगठा बटणाकडे गेला तेव्हा मी सवयीने हात पुढे केला.

"नाही, हा ठेवू या," ते म्हणाले. "हा पहिलाच चांगला आला."

मग ते उठले, फ्रिज उघडून स्कूटरची किल्ली काढली आणि मला बस-स्टॉपपर्यंत सोडायला आले.